सहा झालेत

"काळं दिसलं म्हणून लगेच घाण समजू नकोस. आणि घासायचं नाही गं, पुसायचं."

मामंजींचं हे सांगणं सूनबाईच्या कानात इतकं मुरलं होतं, की हातात कापूस गुंडाळलेली काडी घेतली की ते आपोआप ऐकू यायचं. मामंजी जाऊन चार महिने झाले होते. पण दुकानाचं शटर वर केलं, स्पिरिटच्या बाटलीचं बूच काढलं, की आधी तेच बोलायचे आणि मग तिचा हात चालायचा.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर व्हॉल्व्हचे रेडिओ, काही उघडे, काही झाकलेले. सासऱ्यांनी आयुष्यभर तेवढंच केलं आणि सुनेला तेवढंच शिकवलं. आता असे सेट घेऊन येणारे थोडेच. कुणाला आजोबांचा माळ्यावर सापडलेला असतो, कुणाला नुसता शोभेला हवा असतो. पण जो येतो तो हमखास एकच वाक्य म्हणतो, की व्हॉल्व्ह गेला असणार. मामंजी हसायचे. म्हणायचे, दहातल्या आठ सेटना काही झालेलंच नसतं, फक्त बोलणं बंद पडलेलं असतं. व्हॉल्व्हचे पाय आणि खालच्या खाचा, स्विचची पाती, सगळी जिथल्या तिथं टेकलेली असतात, पण मधे एक थर बसलेला असतो. एका घरात राहणाऱ्या सासू-सुनांमधे असतो तसा. वर पुन्हा सांगायचे, "तुझी सासू तू यायच्या आधीच गेली, म्हणून तुला हा विनोद पचतो."

सगळी गल्ली तिला सूनबाईच म्हणे. ती नक्की कुणाची सून हे ज्यांना माहीत नव्हतं तेही म्हणत. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. घरात आणि दुकानात ती आणि मामंजी. दोघांचा एक नेम होता. दुकान उघडलं की एक तरी जोड, म्हणजे धातूला धातू टेकते ती जागा, पुसून झाल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. ताप असो, पाहुणे असोत, एक जोड पुसायचाच. व्हॉल्व्ह हलक्या हातानं डोलवत वर काढायचा, त्याचे पाय पुसायचे, काचेवरच्या छापील आकड्याला बोटसुद्धा लावायचं नाही, कारण तो आकडा एकदा पुसला गेला की त्या व्हॉल्व्हची ओळखच गेली. मग स्पिरिटमध्ये बुडवलेली कागदाची पट्टी स्विचच्या पात्यांमधून ओढायची. पट्टी काळी निघते, दुसरी कमी काळी, आणि जी कोरी निघते तिथं थांबायचं. मामंजी हे मोजून करायचे, तोंडानं, हळू आवाजात. एक. मग श्वास. दोन. मग श्वास. मंदिरात जपमाळ ओढणाऱ्या माणसाला असते तेवढीही घाई यांना नसायची, असं शेजारचे शिंपीकाका म्हणत, आणि त्यात कौतुकापेक्षा टोमणा जास्त असे.

टोमण्याला कारण होतं. शिंपीकाकांनीच मामंजींचं नाव 'उद्या मिस्त्री' पाडलं होतं आणि ते टायपिस्टबाईंच्या रेडिओवरून पडलं होतं.

टायपिस्टबाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या. एकट्या, ताठ, आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज टंकून देणाऱ्या, आणि जिभेला धार. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी वडिलांचा रेडिओ दुरुस्तीला टाकला. तेव्हापासून दर महिन्याला एकदा त्या दुकानाच्या पायरीशी उभ्या राहत आणि विचारत, झाला का? मामंजी चष्मा कपाळावर सरकवून सांगत, उद्या. त्यातला एक भाग मिळत नाहीये, उद्या. बाई म्हणायच्या, तुमचा उद्या उजाडेपर्यंत मी राहते की नाही बघा. आणि जायच्या. इतकी वर्षं हा खेळ चालला. बाकी कुणाचा सेट मामंजींनी आठवड्यावर ठेवला नाही, एवढा एकच का रखडला हे कुणाला कळलं नाही. शिंपीकाका मशीनचं चाक थांबवून हसायचे. सूनबाईनंही अनेकदा कामाचा फडका तोंडाशी धरून हसू दाबलं होतं. ते आठवलं की आता तिला कसंसंच व्हायचं.

इस्पितळातल्या शेवटच्या दुपारी मामंजींनी तिला जवळ बोलावलं होतं. आवाज अगदी खोल गेला होता. म्हणाले, "वरचा सेट बाईंचा. तो पोचव. पुसून."

ती म्हणाली, "पोचवते मामंजी."

त्यांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं पुन्हा म्हणाले, "सहा झालेत."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिला वाटलं, भ्रम झालाय, वेळेचं भान सुटलंय. ती म्हणाली, अजून नाही झाले, तुम्ही पडा. त्यांनी मान हलवली, नाही अशी, पण पुढं काही बोलले नाहीत. सहा वाजायच्या आत सगळं आटोपलं होतं.

महिन्याभरानं तिनं सगळ्यात वरच्या फळीवरून तो सेट खाली काढला. जुन्या चादरीत बांधलेला, गाठीवर गाठ. गाठी सोडवून तो कामाच्या टेबलावर ठेवला. लाकडी पेटी, समोर सोनेरी जाळीचं कापड, काचेची तबकडी, तिच्याखाली दोन खुंट्या. त्या दुपारी गल्ली निजल्यासारखी होती. शिंपीकाकांचं मशीन थांबलं होतं. सेटची वायर टेबलावर गुंडाळून पडलेली, प्लग भिंतीपासून हातभर लांब.

आणि जाळीच्या कापडामागून कुणीतरी म्हणालं, "एक."

मग श्वास. मग, "दोन."

तिच्या हातातला पेचकस खाली पडला तोही तिला ऐकू आला नाही. आवाज अगदी बारीक होता, मुंगीनं बोलावं तसा, पण तोल तोच. श्वासाची जागा तीच. तीन. चार. पाच. "सहा," म्हणून आवाज थांबला. एक श्वास ऐकू आला, पुढचा आकडा घेण्यासाठी घेतात तसा. पण पुढचा आकडा आला नाही.

सूनबाई घाबरट नव्हती. मामंजींनीच तिला एकदा समजावलं होतं, की साफ जोड नुसता वाहतो, पण गंजका जोड ऐकतो. गावाबाहेर रेडिओ केंद्राचा उंच मनोरा होता तेव्हा त्याच्या पायथ्याच्या वस्तीत कुंपणाच्या तारा गायच्या. एका घरातला गंजलेला नळ सकाळच्या बातम्या द्यायचा. तारेवर तार टेकते, मधे गंज असतो, आणि तो गंज हवेतलं बोलणं पकडतो. त्यात भुताटकी काही नाही, असं मामंजी म्हणायचे.

तिनंही मनाला तेच सांगितलं. गंज आहे, दुसरं काही नाही. पण मनोरा पाडून तीन वर्षं झाली होती. आणि कुठल्या केंद्रावरून कधी कुणी मामंजींच्या श्वासानं सहापर्यंत मोजलं होतं?

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दुपारीही. एक ते सहा, मग तो श्वास, मग शांत. तिनं सेट उघडला नाही. पहिले काही दिवस भीतीनं, आणि नंतर अगदी उलट्या कारणानं. उघडलं की पुसावं लागणार. पुसलं की गंज जाणार. आणि गंज गेला की आवाज जाणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिला स्वतःचे वडील आठवत नव्हते. तिला घडवलेला एकच आवाज जगात होता आणि तो आता दुपारी दोननंतर एका परक्या बाईच्या रेडिओत राहायला आला होता. ती जेवण लवकर उरकायची. खुर्ची ओढून सेटसमोर हात मांडीवर ठेवून बसायची. नेम बाकीच्या सेटांवर चालू होता, रोज एक जोड. या सेटला मात्र तिनं फडकंसुद्धा लावलं नाही. तीन महिने असे गेले.

एकदा शिंपीकाकांनी विचारलं, "दुपारी कुणाला शिकवतेस गं? भिंतीतून आकडे येतात. पुरुषाचा आवाज वाटतो, म्हणून म्हटलं."

म्हणजे ते नुसतं तिच्या मनातलं नव्हतं. ती म्हणाली, जुनी टेप आहे. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले की मोजणाऱ्याला सातचा आकडा येत नसणार, दरवेळी सहालाच अडतो.

मग एका सोमवारी टायपिस्टबाई आल्या. नेहमीसारख्या पायरीशी थांबल्या नाहीत, आत येऊन स्टुलावर बसल्या. बसताना डावा कान तिच्याकडे केला. म्हणाल्या, घर सोडतेय. धाकट्या बहिणीकडे जायचं, दुसऱ्या गावी, कायमचं. गुरुवारी सकाळी साडेनऊची गाडी. सामान बांधून झालंय, फक्त एकच वस्तू बाहेर आहे.

सूनबाईची नजर टेबलाकडे गेली आणि बाईंचीही.

"झाला का?" बाईंनी विचारलं.

आणि सूनबाईच्या तोंडून गेलं, "उद्या."

बाई हसल्या, पण ते हसणं नेहमीच्या धारेचं नव्हतं. म्हणाल्या, घराण्याचा गुण दिसतोय. मग बराच वेळ त्या जाळीच्या कापडाकडे बघत राहिल्या. त्यांनी सांगितलं, की उजवा कान गेल्या वर्षी गेला, डाव्याचं डॉक्टर म्हणतात की फार तर वर्ष. त्यांना गाणी नको होती, बातम्या तर मुळीच नकोत.

"वडील दाढी करता करता ती खुंटी फिरवायचे. डावीकडची नव्हे, उजवीकडची, केंद्रांचा पट्टा बदलायची. टक्, टक्, असा आवाज यायचा. मी अंथरुणात असायची. तो टक् ऐकला की समजायचं, घर जागं आहे, आपण अजून पाच मिनिटं झोपलो तरी चालेल." त्यांनी उजव्या खुंटीकडे बोट केलं. "तेवढा टक् एकदा ऐकायचा होता. कान आहे तोवर. तुझ्या सासऱ्यांना हे मी कधी सांगितलं नाही. हिशेबानं बोलायची सवय लागलेली, मनातलं टंकायला कुणी शिकवलं नाही."

तीन महिने सूनबाई जसा एका गेलेल्या माणसाचा आवाज ऐकत बसली होती, तशाच एका आवाजासाठी ही बाई अकरा वर्षं पायरीशी उभी होती.

ती म्हणाली, "गुरुवारी सकाळी, गाडी निघायच्या आत, मी स्वतः घेऊन येते. टक् सकट."

"उद्यासारखं?"

"नाही बाई. गुरुवारी."

बाई उठल्या. जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेवढंच.

मंगळवारी तिनं पेचकस घेऊन मागच्या पुठ्ठ्याचे दोन स्क्रू सैल केले. तेवढ्यात आतून "एक" झालं. तिनं हात मागे घेतला, सहापर्यंत ऐकलं, आणि दोन्ही स्क्रू पुन्हा आवळले. संध्याकाळी घरी जाताना तिला स्वतःची लाज वाटली. वाटलं, मामंजींनाही असंच काही ऐकू येत असेल का? म्हणून का अकरा वर्षं हा सेट त्यांनी धरून ठेवला? एका चांगल्या माणसाची एवढी एक लबाडी असेल, तर आपण ती संपवायची की वाढवायची?

बुधवारी सकाळी तिनं दुकान उघडलं आणि नेमाचा जोड म्हणून हाच सेट समोर ओढला. दुपारची वाट बघितली नाही. हात जोडून क्षणभर उभी राहिली, मनात जे म्हणायचं ते म्हणाली, आणि स्क्रू काढले.

आत सगळं लखलखीत होतं. तिला वाटलं होतं तसं जाळं, धूळ, काही नाही. नवे कंडेन्सर, डायलची नवी दोरी, व्हॉल्व्हचे पाय पुसलेले. हे काम केव्हाच झालेलं होतं. काम रखडलं होतं ते फक्त एका जागी. खुंटीच्या दांड्यावर, पट्टा बदलायच्या स्विचवर. एक गोल तपकिरी चकती आणि तिच्यावर चहूकडे लावलेली पाती. तिनं भिंग डोळ्याला लावलं.

पाती सात होती. सहांवर चांदीचा एकेक इवलासा तुकडा बसवला होता, तांदळाच्या कणीएवढा, इतका नेमका की जोड दिसू नये. सातव्या पात्यावर काही नव्हतं. ते नुसतं पितळ होतं, त्यावर गोल गोल ओरखडे, आणि ओरखड्यांमधे हिरवी बुरशी धरावी तसा गंज. त्या पात्याच्या बुडाशी निळ्या दोऱ्याची गाठ होती.

ती गाठ तिची होती.

लग्नानंतरचा पहिला महिना तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मामंजींनी सेटमधून सोडवलेला एक स्विच तिच्या हातात दिला होता, पूस म्हणून. पाती काळी कुट्ट होती. तिला वाटलं, पातेल्याच्या बुडाची काजळी. कुठलं पातं पहिलं हे लक्षात राहावं म्हणून तिनं शिवणाच्या डबीतला निळा दोरा बांधला, आणि पॉलिश पेपर घेऊन अर्धा तास घासत बसली. भांडं घासतात तसं, गोल गोल. पाती सोन्यासारखी पिवळी निघाली. ती मोठ्या ऐटीत घेऊन गेली. मामंजींनी बराच वेळ भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "छान चमकवलंस." मग समजावलं, की ती काजळी नव्हती, चांदीचा मुलामा होता. चांदी काळी पडली तरी आपलं काम करते, तिला घासणारा तिला संपवतो. पितळ उघडं पडलं की ते हिरवं होतं आणि मग बोलणं बंद. तेव्हापासून ते सांगणं सुरू झालं, काळं दिसलं म्हणून घाण समजू नकोस. ती रडवेली झाली तेव्हा ते म्हणाले होते, "अगं, हा भंगारातला होता. शिकायलाच दिला होता."

भंगारातला. तिनं विश्वास ठेवला होता. कुठल्या सेटचा, हे कधी विचारलंच नाही.

पेटीच्या तळाशी एक चपटी पत्र्याची डबी होती. तिनं ती उघडली. आत चांदीचं गोल झाकण होतं, वेलबुट्टीचं. हे झाकण तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण त्याबद्दल पुष्कळ ऐकलं होतं. सासूबाईंची सुपारीएवढी चांदीची डबी, जी ती घरात आल्यावर वर्षभरात हरवली. नवऱ्यानं सगळं घर पालथं घातलं होतं. नवी सून घरात, आणि चांदी नाहीशी. कुणी काही म्हणालं नव्हतं, पण तिला कित्येक रात्री झोप नव्हती. मामंजी एवढंच म्हणाले होते, की शोधू नका, कामाला लागली असेल. सगळ्यांना तो विनोद वाटला होता.

झाकणाला सात बारीक खिडक्या होत्या. सात तुकडे कापलेले. सहा पात्यांवर बसले होते. सातवा तुकडा डबीतच, कापसावर ठेवलेला. शेवटच्या दोन वर्षांत मामंजींचा हात थरथरायचा. चिमट्यात धरलेला तुकडा त्यांना पात्यावर नेता आला नसणार. दर वेळी उद्या, उद्या. आणि भाग मिळत नाही हे खरंच होतं. तसा स्विच कुठं बनतच नव्हता. तो ते स्वतः बनवत होते, सून घरी गेल्यावर, बायकोच्या डबीतून, वर्षाला अर्धं पातं, आणि गल्लीभर हसं करून घेत होते. एकदा जरी म्हणाले असते, सुनेनं घासला, तरी त्यांचं नाव गेलं नसतं.

सहा झालेत. घड्याळाचं नव्हतंच ते. एक राहिलंय, तू कर, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. आणि ती म्हणाली होती, अजून नाही झाले.

ती किती वेळ बसून होती कोण जाणे. शिंपीकाकांचं मशीन सुरू झालं, थांबलं. मग दोन वाजले असावेत, कारण उघड्या पेटीतून, पुठ्ठा नाही, कापड नाही, मधे काहीच नाही, आवाज आला. एक. या वेळी तो जवळून आला. ती भिंगातून त्या हिरव्या पात्याकडे बघत होती. गंजका जोड ऐकतो. हे पातं तिच्याच हातानं उघडं पडलं होतं, आणि तेच इतकी वर्षं या टेबलापाशी बसलेल्या माणसाचं मोजणं ऐकत आलं होतं.

तिनं डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. तीन, आवाज म्हणाला. तिनं स्पिरिटची पट्टी हिरव्या पात्यावरून ओढली. घासलं नाही, पुसलं. पट्टी हिरवी निघाली. चार. आवाज किंचित पातळ झाला. दुसरी पट्टी. तिला रडू येत होतं आणि हात मात्र अगदी स्थिर होता, त्यालाही मामंजींनीच शिकवलं होतं, रडायचं तर डोळ्यांनी, बोटांनी नाही. पाच. हा जवळजवळ नुसता श्वासच होता. तिसरी पट्टी कोरी निघाली. सहा ऐकू आला की तिला आठवला, हे तिला पुढं कधी सांगता आलं नाही.

तिनं पात्यावर कथलाचा एक थेंब पसरवला. चिमट्यानं चांदीचा तुकडा उचलला, ठेवला, आयर्न टेकवलं, मोजून दोन श्वास, आणि उचललं. तुकडा बसला.

"सात," ती मोठ्यानं म्हणाली.

मग शांत. पुढं श्वास नाही, आकडा नाही. तिनं वाट बघितली. उन्हाची तिरीप फळीवरून फळीवर सरकली. पेटी आता नुसती पेटी होती.

संध्याकाळी तिनं आधी, एकदम जोर येऊ नये म्हणून मधे एक बल्ब जोडून, जपून करंट दिला. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले, तापलेल्या लाकडाचा ओळखीचा वास आला, सेट घुमू लागला. तिनं उजवी खुंटी धरली आणि फिरवली.

टक्.

दोनदा, तीनदा फिरवली. मग बंद केला, जास्त नको, तो आवाज आपला नव्हे, असं म्हणून.

गुरुवारी सकाळी तिनं नेहमीसारखं शटर वर केलं. दुसऱ्या एका सेटचा एक जोड पुसला, पट्टी कोरी निघेपर्यंत. चहाला वेळ नव्हता. रेडिओ त्याच जुन्या चादरीत बांधला, पण गाठ एकच मारली, सोडायला सोपी. खिडक्या पडलेलं झाकण रुमालात गुंडाळून घेतलं. ते बाईंना दाखवायचं होतं. उशीर कुणामुळे झाला, आणि उद्या उद्या म्हणणारा माणूस अकरा वर्षं काय करत होता, हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. ते कुणाला कबूल केलेलं नव्हतं, पण त्याशिवाय रेडिओ पोचला असं तिला म्हणता आलं नसतं.

शिंपीकाका दुकानासमोर पाणी मारत होते. चादरीतला आकार त्यांनी ओळखला, पण थट्टा केली नाही. तांब्या हातात धरून म्हणाले, "काल सुटलात एकदाचे. सात म्हणालात. दोघंही एकदमच म्हणालात."

सूनबाई उभी राहिली. तिनं तर आपलाच आवाज ऐकला होता. शटर ओढायला ती मागे वळली, तेव्हा दुकानात एकदा नीट पाहिलं. टेबल, भिंग, वाकडी खुर्ची. ऐकण्यासारखं तिथं काही नव्हतं.

साडेआठ झाले होते. रेडिओ जड होता. तिनं तो पोटाशी घट्ट धरला, पायरी उतरली, आणि घाई न करता टायपिस्टबाईंच्या गल्लीकडे चालू लागली.